शेवंतीची गुरगुर

"शैले, तुमचा बिबट्या बहिरा आहे का गं?"

पोपटदादाच्या फोनला नमस्कार-चमत्कार नसतात. माझा थोरला भाऊ आहे तो, आंबेखडकला ऊस आणि शेळ्या सांभाळतो. सकाळी सकाळी बहिणीला फोन करून बिबट्याच्या कानांची चौकशी करणारा माणूस अख्ख्या कुकडी नदीच्या पट्ट्यात दुसरा नसेल.

"कुठला बिबट्या?"

"तोच, गळ्यात पट्टा घातलेला. तुम्हीच सोडलाय ना? काल दिवेलागणीला शेळ्यांना पाला टाकून परत येत होतो. हा बांधावर बसलेला. मोबाईल फुल आवाजात चालू होता माझा. खाकरलो, ओरडलो, काठी आपटली. जागचा हालला नाही बघ. वर माझ्याकडं असा बघत होता, की मीच त्याच्या वाटेत आलोय."

"मग तू काय केलंस?"

"काय करतो? मागं मागं सरकत घरी आलो. तुझी वहिनी म्हणते, आता बाहेर पडाल तर माझ्याशी गाठ आहे."

"तुझे कांद्याचे बाजारभाव ऐकून त्यालाही झोप आली असेल," मी म्हणाले. दादा हसला, मीही हसले. पण फोन ठेवल्यावर माझा चहा तसाच राहिला.

आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे काय झालं ते कळेल. आमचे बिबटे जंगलातले नाहीत. उसात जन्मतात, उसात वाढतात. इथल्या माणसांनाही त्यांची सवय आहे. अंधार पडायला लागला की गप्प चालत कोणी शेतात जात नाही. मोठ्याने बोलत जायचं, आणि एकटं असलं तर मोबाईल मोठ्या आवाजात लावायचा. कोणी कीर्तन लावतं, कोणी गाणी. आमचा दादा बाजारभाव लावतो. माणसाचा आवाज आला की बिबट्या बाजूला सरकतो, माणूस पुढे जातो. बिबट्याची पिल्लं हे आईकडून शिकतात, आपली पोरं आपल्याकडून. या एका समजुतीवर अख्खा तालुका दोन पिढ्या नांदतोय.

आणि मी त्या समजुतीच्या बरोबर मध्ये बसलेली बाई. डॉ. शैला डुंबरे, कुंभारदऱ्याच्या बिबट निवारा केंद्रात जनावरांची डॉक्टर, त्यातही भूलतज्ज्ञ. मला गोडगोड बोलता येत नाही, त्यामुळे माणसांच्या दवाखान्यात माझं जमलं नसतं. भूल दिलेलं जनावर उलटून काही म्हणत नाही, हे मला बरं पडतं.

दादाच्या फोनने मी गप्प झाले त्याचं कारण शेवंती. शेवंती म्हणजे आमच्याकडची मादी. वर्षापूर्वी डुकरांसाठी लावलेल्या फासात पाय मोडून आली होती. पाय मी जोडला. त्या उपकाराची फेड म्हणून बाईसाहेब मला रोज शिव्या घालायच्या. मी दारात दिसले, बोलले, की कान पाडायचे, दात दाखवायचे, आणि पोटातून अशी गुरगुर काढायची की नवीन माणसाने पाण्याची बादली सोडून पळावं. मला आवडायचं ते. जनावर रानात परत जायच्या लायकीचं आहे, याची ती खूण असते.

गेल्या महिन्यापासून ती गुरगुरायची थांबली होती. मी बोलले की नुसती बघायची. एकदा तर जाळीजवळ येऊन बसली. आणि मी, एवढी कडक बाई, मनातल्या मनात विरघळले होते. वाटलं, हिला माझी ओळख पटली. कोणाला सांगितलं नव्हतं, पण घरी जाताना मी त्या दिवशी चक्क गुणगुणत गेले होते.

आता दादाचा बांधावरचा बिबट्या आणि माझी शेवंती शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांमध्ये सारखं काय, तर दोघंही ऋजुताच्या यंत्रातून गेलेले.

ऋजुता माझी मुलगी. मेंदूवर संशोधन करते. तिचे बाबा ती आठवीत असताना गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. भांडायलाही दोघीच आणि समेट करायलाही दोघीच. तिने केलेल्या यंत्राला आमचा वनरक्षक लहू भालेकर 'विसरपेटी' म्हणतो, आणि तेच नाव पडलं.

त्याचं शास्त्र असं. आठवण एकदा डोक्यात बसली की कायमची बसली, असं पूर्वी समजायचे. तसं नसतं. आठवण दर वेळी वर काढली की थोडा वेळ मऊ पडते, मग मेंदू तिला पुन्हा घट्ट करून जागेवर ठेवतो. चिक्कीचा थिजलेला पाक आचेवर ठेवला की सैल होतो आणि उतरवला की परत धरतो, तसं. ही पुन्हा धरायची क्रिया काही तास चालते, आणि त्यासाठी मेंदूतल्या पेशींवरची काही ठरावीक दारं उघडावी लागतात. झेनॉन नावाचा भुलेचा वायू नेमका तिथेच आडवा बसतो. भरपूर दिला तर जनावर झोपतं. बेताने दिला तर ते अर्धवट जागं राहतं, पण तेवढ्यात वर काढलेली आठवण परत धरत नाही, विरून जाते. बाकीच्या आठवणींना धक्का लागत नाही, कारण त्या वर आलेल्याच नसतात.

उंदरांवर असले प्रयोग जुने आहेत. ऋजुताने ते बिबट्यापर्यंत आणले. ज्याला गोठ्यातली शेळी उचलायची चटक लागली आहे, त्याला स्क्वीझ पिंजऱ्यात घ्यायचं, म्हणजे बाजू आत सरकवून जनावराला हलता येणार नाही असं धरायचं. डोक्यावर संवेदकांची टोपी, तोंडावर मास्क. मग शेळीचा वास सोडायचा आणि गोठ्याचे आवाज ऐकवायचे. मेंदूत शेळीची आठवण जागी झाली की पडद्यावर ठिपका उजळतो. ठिपका उजळला की मी वायूची कळ फिरवते. असं चार-सहा वेळा केलं, की बिबट्याच्या लेखी गोठा म्हणजे नुसता गोठा. ससे, रानडुकरं, घुशी मारायचं तो विसरत नाही. शेळीच्या दाराशी जायचं तेवढं विसरतो.

विसरपेटीतून गेलेले चार बिबटे आम्ही सोडले होते. चौघांनी मिळून एक करडू उचललं नव्हतं. गावांत ऋजुताचे सत्कार झाले. सरकारने अशी आणखी केंद्रं काढायचं ठरवलं, आणि त्या सगळ्यांची प्रमुख म्हणून ऋजुताचं नाव पक्कं झालं. पाचवी शेवंती, फासात सापडण्याआधी तीही गोठ्यातल्या शेळ्या उचलायची, म्हणून महिन्यापूर्वी तिला पेटीत घेतलं होतं. तिला गुरुवारी पाहुण्यांच्या हजेरीत आंबेखडकच्या शिवारात सोडायचं होतं आणि तिथेच घोषणा व्हायची होती. दादाचा फोन आला तो मंगळवार.

मी विसरपेटीच्या खोलीत गेले, कानाला हेडफोन लावले आणि गोठ्याचं ध्वनिमुद्रण सुरू केलं. प्रत्येक वेळी ते माझ्यासमोरच वाजलेलं होतं. घुंगरं, रवंथ, एका करडाचं बें बें, पाल्याची सळसळ. दादाचा आवाज, "या गं बायांनो, या." आणि या सगळ्याच्या मागे एक बाई अखंड बोलत होती. उन्हाळ कांदा, आवक वाढली, भाव स्थिर.

मी ते पुन्हा लावलं. बाई होतीच.

ध्वनिमुद्रण ऋजुताने दादाच्याच गोठ्यात केलं होतं, संध्याकाळी, बिबट्याच्या वेळेला. संध्याकाळी गोठ्यात जायचं म्हणजे दादाच्या खिशात मोबाईल बोलत असणारच. दुसऱ्या गावचं, दुसऱ्या मुलखाचं कोणीही असतं तर पहिल्याच मिनिटाला म्हणालं असतं, काका, तो फोन बंद करा. ऋजुताने तसं म्हटलं नाही. मी इतक्यांदा ऐकूनही म्हटलं नाही. आमच्या कानांना तो आवाज वाटतच नाही, ती आमची संध्याकाळ असते. पण बिबट्याला तो आवाजच असतो. शेळीची आठवण वर आली, तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक आठवण वर आली होती. माणूस बोलतोय, बाजूला सरक. आणि मी माझ्या हाताने दोन्हींवर वायू सोडला होता.

खात्री करून घ्यायला हवी होती. नुसता त्या बाईचा आवाज वेगळा काढला आणि छोट्या स्पीकरवर घेतला. आधी गेल्या आठवड्यात आलेल्या नराच्या पिंजऱ्याकडे गेले. त्याला विसरपेटी अजून लागलेली नव्हती. उन्हाळ कांदा म्हटल्याबरोबर त्याने कान पाडले, पोट जमिनीला लावलं आणि मागच्या भिंतीला जाऊन चिकटला. कांद्याचं नाव ऐकून इतकं घाबरलेलं मी व्यापाऱ्यांनंतर त्यालाच पाहिलं.

मग शेवंतीकडे गेले. ती पंजा चाटत होती. आवाज सुरू झाला तशी तिने मान वर केली, स्पीकरकडे पाहिलं, आणि पुन्हा पंजा चाटायला लागली.

मी तिथल्याच स्टुलावर बसले. तिला माझी ओळखबिळख काही पटली नव्हती. मी कोण, माणूस म्हणजे काय, त्याच्यापासून का जपायचं, एवढंच तिच्या डोक्यातून गेलं होतं. आणि मी त्याला माया समजून घरी गुणगुणत गेले होते. मला रडू आलं, आणि रडू येतंय याचाच संताप आला.

ऋजुता दुपारी पुण्याहून आली. तिला मी दोन्ही प्रकार दाखवले. तिने पाहिलं, आणि हाताची घडी घातली. हाताची घडी घातली की ती तिच्या बापासारखी दिसते आणि तशीच हटून बसते.

"आई, शेवंती वर्षभर इथे आहे. रोज माणसं बोलतात तिच्यासमोर. सवय झाली असेल."

"महिन्यापूर्वीपर्यंत झाली नव्हती ती?"

"हळूहळू होते. आणि पिंजऱ्यात पळायला जागा कुठे आहे? पिंजऱ्यातल्या वागण्यावरून मोकळ्यातलं ठरवता येत नाही, हे तूच मला शिकवलंस."

"मग तुझा मामा बांधावर काय पिंजऱ्यात होता?"

"ते एक जनावर, एक प्रसंग. मामाला वाढवून सांगायची सवय आहे."

सवय आहे, हे खरंच. मी म्हणाले, "पडदा बघू. त्या सत्रांच्या वेळी शेळीच्या ठिपक्याशेजारी दुसरं काही उजळत होतं का?"

तिने सत्रांच्या नोंदी पडद्यावर उघडल्या. मग म्हणाली, "होतं. फिकट. मला वाटलं, शेळीच्याच आठवणीचा भाग आहे. दोन्ही कायम बरोबरच उजळायचे."

"बरोबरच उजळणार. दोन्ही बरोबरच वाजत होतं."

"तरी हा पुरावा नाही, आई. ही शंका आहे. शंकेवर मी सगळं थांबवू? लोक येणार आहेत. तुला कळतंय का, हे माझ्यासाठी काय आहे?"

"कळतंय. म्हणून तर तुला आधी सांगितलं. दादाला नंतर सांगणार आहे."

"मामाला कशाला?"

"कारण तो आज संध्याकाळी त्या मोबाईलच्या भरवशावर गोठ्यात जाणार आहे."

मी तिच्यासमोरच फोन लावला. म्हणाले, दादा, पट्टेवाला बहिरा नाही. पण मोबाईलचा आता उपयोग नाही. गावात सगळ्यांना सांग, जोडीने जा, हातात बॅटरी ठेवा, आणि तो समोर बसला तर त्याच्या अंगावर जाऊ नका. त्याला आपण कोण तेच ठाऊक नाही. दादाने एरवी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "बरं, सांगतो." तासाभरात सात गावांत बातमी गेली.

बुधवारी सकाळी सदावर्ते साहेब केंद्रावर हजर. आमचे वरिष्ठ वनाधिकारी. माणूस वाईट नाही, पण मांडव घातला की लग्न लावायचंच, अशा स्वभावाचा.

"मॅडम, तुम्ही अफवा पसरवताय."

"साहेब, मी माझ्या भावाला फोन केलाय."

"चारही बिबटे शांत आहेत. टीव्हीवर दाखवतात. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात त्यांचे."

"ते शांत नाहीत. त्यांना माणसाची जरब राहिलेली नाही. उद्या फोटो काढणाऱ्याचं पोर गाडीतून उतरून पळालं, तर त्यातला एखादा पळणाऱ्याच्या मागे लागेल. शिकार करायला तो विसरलेला नाही."

"तुम्ही लेखी द्या, समिती बघेल. उद्याचा कार्यक्रम होऊ द्या."

"मी शेवंती सोडण्यालायक आहे म्हणून सही करणार नाही."

"मग दुसरे डॉक्टर करतील."

ऋजुता तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तिचा राग आला नाही, कारण तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. मोकळ्या जागेतला पुरावा नव्हता. मग तो द्यायचा कसा, तर मोकळ्या जागेत, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

केंद्राच्या मागे आमचं मोठं कुंपण आहे. बिबट्याला सोडण्याआधी पाय मोकळे करायला तिथे ठेवतात. आत अर्ध्या जागेत ऊस लावलेला आहे, लपायला. शेवंतीला सकाळीच तिथे हलवलं होतं. मी लहूला म्हणाले, भुलेच्या डार्टची बंदूक घे. ऋजुताला म्हणाले, पिंजरे धुवायचा तो दाबाच्या पाण्याचा पाईप आहे ना, तो घेऊन फाटकात उभी राहा.

"कशाला?"

"मी आत जातेय. मोबाईल लावून. आंबेखडकचा माणूस संध्याकाळी जसा जातो, तशी."

"आई, वेड लागलंय का तुला? डार्ट लागला तरी गुंगी यायला किती वेळ लागतो हे मी तुला सांगू?"

"म्हणून तर पाईप तुझ्या हातात देतेय. माझं खरं नसेल तर ती आवाज ऐकून उसात जाईल, मी बाहेर येऊन सही करीन. साहेब, तुम्ही साक्षीला आहात."

सदावर्ते साहेब काहीतरी म्हणत होते, तोवर मी आतलं फाटक लोटलं होतं. मला भीती वाटत नव्हती असं अजिबात नाही. पायांना हुकूम करून चालवावं लागत होतं. पण उद्या हीच वेळ आंबेखडकच्या एखाद्या बाईवर, डोक्यावर पाल्याचा भारा असताना येणार होती, आणि तिच्यामागे पाईप धरून कोणी उभं असणार नव्हतं.

मोबाईल लावला. उन्हाळ कांदा, आवक वाढली. मी वर मोठ्याने बोलायलाही लागले, "शेवंते, मी येतेय गं, सरक बाजूला." उसाच्या कडेला तिचे कान दिसले. ती मागे गेली नाही. ती बाहेर आली. आधी बसली, माझ्याकडे बघत. मग उठली आणि खांदे खाली घालून एकेक पाऊल पुढे यायला लागली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी सुटकेचा श्वास टाकला असता. नवीन काहीतरी हलतंय, ते काय आहे, खायचं आहे का, एवढीच उत्सुकता होती.

पळायचं नसतं, हे मला माहीत आहे. मी उभी राहिले. मोबाईलवरची बाई बटाट्यावर आली. शेवंती इतकी जवळ आली की तिच्या जोडलेल्या पायावरचा माझ्या टाक्यांचा वण मला दिसला. तिने अंग आवळलं.

"ए शेवंते, हो मागे!"

तो आवाज ऋजुताचा. त्या पाठोपाठ पाण्याचा फटकारा माझ्या कानाजवळून गेला आणि शेवंतीच्या छातीवर बसला. ती हवेत उडाली, वळली आणि उसात नाहीशी झाली. ऋजुताने मला दंडाला धरून बाहेर ओढलं, फाटक लावलं आणि तिथेच चिखलात बसली. पाईप बाजूला तसाच वाहत होता. मी तिच्याजवळ बसले. मीही घाबरले होते, पण आईला ते दाखवून चालत नाही.

थोड्या वेळाने ती उठली, हात ड्रेसला पुसले आणि सदावर्ते साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"उद्या कोणालाही सोडायचं नाही. माझी पद्धत चुकलीय. सोडलेले चारही परत आणायचे, आजच्या आज कामाला लागू."

"मॅडम, तुमच्या नावाची घोषणा आहे उद्या."

"तीच वेळ मला द्या. मी स्वतः लोकांना सांगेन काय झालंय ते."

आणि तिने सांगितलं. आंबेखडकच्या शाळेच्या पटांगणात, सत्कारासाठी घातलेल्या मांडवात, उभं राहून. मोबाईलची गोष्ट सांगितली तेव्हा काही लोक हसले, मग हसायचे थांबले. दादा पहिल्या रांगेत बसला होता. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, पोरी, चुकलं ते चुकलं, आता काय करायचं ते सांग. ते आम्ही दोघींनी सांगितलं.

पट्ट्यांमुळे बिबटे कुठे आहेत ते कळत होतं. तीन आम्ही आणले. चौथ्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला. जिथे बातमी पोहोचली नव्हती अशा एका गावात तो ओढ्याकाठी बसलेला लोकांना दिसला. लोक जमले, ओरडले. आरडाओरडा केला की बिबट्या जातो, हे त्यांना ठाऊक होतं. हा गेला नाही. मग कोणीतरी म्हणालं की पिसाळलाय, आणि सगळ्यांनी मिळून मारला. लहूने त्याला गाडीत घालून आणलं तेव्हा ऋजुता त्याच्याशेजारी बसून राहिली, जेवायलाही उठली नाही.

"आई, मला त्या पेटीत बसव आणि हा आठवडा पुसून टाक," ती म्हणाली.

"नाही बसवणार. पुसला तर परत हेच करशील. चल, दोन घास खा."

तिने भाकरी मोडली, आणि खाता खाताच म्हणाली, "पाण्याचा फटका बसल्यापासून शेवंती माझ्या आवाजाला कशी आहे, पाहिलंस का?"

मी पाहिलं नव्हतं. आम्ही तशाच उष्ट्या हातांनी गेलो. मी बोलले, शेवंती बघत राहिली. ऋजुता म्हणाली, "ए शेवंते." शेवंतीने एक कान मागे पाडला. फक्त एक, आणि क्षणभरच. पण पाडला.

झेनॉन शरीरातून निघून गेला की नवीन शिकायला आडकाठी करत नाही. गेलेली आठवण परत येणार नव्हती, पण दुसरी बसवता येत होती. माणसाचा आवाज आला की अंगावर पाणी. बाजूला सरकलं की पाणी बंद. एवढा एकच धडा, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या आवाजांत. आंबेखडकची माणसं रोज आळीपाळीने येऊन कुंपणाबाहेर बोलायची. बाया भांडणं सांगायच्या, पोरं पाढे म्हणायची, दादा बाजारभाव लावायचा.

"पहिला आवाज माझा," मी ऋजुताला सांगितलं होतं. "माझ्याच आवाजाला ती सगळ्यात जास्त सैलावलीय."

"आई, तुला जमेल?"

जमवलं. मी तिला नावाने हाक मारायची, आणि तिने वर पाहिलं की लहू पाणी सोडायचा. तिचा तो भाबडा चेहरा, नाकातोंडात पाणी जाऊन भांबावलेला, माझ्याच्याने बघवायचा नाही. घरी येऊन मी उगाच भांडी आदळायची. ऋजुता मागून कपबशा उचलून ठेवायची. तिची ती मोठी जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही, ती योजनाच बासनात गेली. दिवसा ती शेवंतीला आणि बाकीच्या तिघांना शिकवायची, आणि मधल्या वेळात दादाच्या गोठ्यात नवीन ध्वनिमुद्रण करायची. मामाला आधी बाहेर काढून, मोबाईलसकट.

उसाला तुरे आले तेव्हाची गोष्ट. मी सकाळी कुंपणाकडे गेले. पाण्याचा पाईप गुंडाळून ठेवलेला होता, लहू अजून आलेला नव्हता. मी सवयीने म्हणाले, "काय गं शेवंते, उठलीस का?"

शेवंतीने दोन्ही कान पाडले. दात दाखवले. आणि पोटातून, पार खालून, ती जुनी गुरगुर काढली. माझ्यावर एक नजर टाकली आणि पाठ फिरवून उसात गेली. माझे डोळे भरून आले. या वेळी मला त्याचा राग नाही आला. मी ऋजुताला फोन केला आणि नुसतं म्हणाले, ये लवकर.

तिला सोडलं तेव्हा मांडव नव्हता. गाडीचं दार उघडलं, ती उतरली, मी मागून नावाने हाक मारली. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही, वाट सोडून सरळ उसात घुसली. मी सही केली.

त्यानंतर काही दिवसांनी दादाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाहीत.

"शैले, तुमची ती बाई भेटली काल. बांधावर बसली होती, संध्याकाळची."

"मग?"

"मोबाईल चालू होता माझा. कांद्याचे भाव ऐकले आणि उठून गेली."

"जाताना गुरगुरली का?"

"मला आईबापावरून शिव्या घालतच गेली म्हण ना."

"मग बरी आहे," मी म्हणाले, आणि फोन ऋजुताच्या हातात दिला, म्हणजे तिला ते मामाच्याच तोंडून ऐकता येईल.